कागदावरची थोरली

माखोत्सो थोरली, मामोखेती धाकटी.
अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होतं.
टोळांनी ज्वारी फस्त केली त्या साली एक जन्मली,
मेंढरं बर्फाखाली गेली त्या साली दुसरी,
मध्ये चार वर्षं.

नोंदी करायला राजधानीतून पोरगा आला होता,
बुटांत पाणी शिरलेलं, घोडं भाड्याचं,
अंधाराआधी उतरायची घाई.
त्याने टोळ आणि बर्फ यांची अदलाबदल केली
आणि धाकटी थोरली झाली.

म्हणून मामोखेतीला पेन्शन लागली
आणि माझी आजी सत्तरीची वाट बघत बसली
सत्तरी उलटून गेली तरी.

लेसोथोच्या त्या डोंगरात आमचं घर म्हणजे सात तोंडं.
दोन त्या दोघींची, पाच आम्हा पोरांची.
आमच्या आया शिवणकारखान्यांतून परतल्या त्या खोकत,
मग खोकलाही थांबला.

पेन्शनच्या दिवशी मक्याच्या पिठाचं पोतं यायचं.
पंचवीस तारखेला उकड पातळ,
अठ्ठाविसाला तिच्यातून वाडग्याचा तळ दिसायचा,
तिसाला नुसता मोरोहोचा पाला, मीठ असलं तर मीठ.

धाकटी नोटा मोजून थोरलीच्या हाती द्यायची.
"घे ताई," म्हणायची, आणि लगेच,
"छे, आता तू मला ताई म्हण. सरकार म्हणतंय."
आजीने कधी म्हटलं नाही.
पीठ मात्र घेतलं.

जुलैत, आमच्या ऐन हिवाळ्यात, मामोखेती गेली.
जमीन इतकी गोठलेली की खड्ड्याला दोन दिवस लागले.
आजीच्या कागदाला सत्तरी गाठायला
अजून दहा महिने होते.

पेन्शनच्या सकाळी कुणी काही बोललं नाही.
पोंत्शोने रिकामं पोतं उलटं करून परातीत झटकलं,
शिवणींतून मूठभर पीठ निघालं,
ते तिने बोटाने एका कडेला ओढलं.
आजी उठली.
बहिणीचं ब्लँकेट खांद्यावर घेतलं, तिचीच पिन लावली.
मी गाढव सोडलं.

शाळेच्या पटांगणात रांग. टेबल, पत्र्याची पेटी,
बंदुकीवर हनुवटी टेकून पेंगणारा पोलीस.
"मामोखेती!"
आजी पुढे झाली.
कारकुनाने फोटो पाहिला, मग तिला.
एका आईचं नाक, एका वाऱ्याने भाजलेले गाल.
"कशी आहेस, न्खोनो?"
"जिवंत आहे."
"वय?"
"त्र्याहत्तर."
दोन्ही उत्तरं खरी होती.
ते साल तिचंच होतं,
बहिणीच्या कागदावर तीन वर्षं राहायला गेलेलं.

परतताना रामाकात्साच्या दुकानात उधारीची वही निघाली.
मामोखेतीचं पान: मीठ, रॉकेल, मेणबत्त्या,
आणि तपकीर, दोन डब्या.
मागच्या महिन्यातही दोन. त्याच्याही मागच्या.
"आमच्या घरात तपकीर कुणी ओढत नाही," आजी म्हणाली.
दुकानदाराने ब्लँकेटकडे पाहिलं. बराच वेळ.
"तू ओढतेस की," तो म्हणाला,
आणि काट मारायला पेन्सिल शोधू लागला.

आजीने सगळी उधारी फेडली, डब्यांसकट.
पोतं गाढवावर चढलं.
ती दारापर्यंत गेली, परत वळली.
"मग एक दे."

चढणीवर, ओढ्याच्या वरच्या वळणाला,
तिने डबी उघडली. हुंगून पाहिली.
तीन वर्षं, म्हणाली, माझ्या शेजारी निजून!
चिमूट नाकाशी नेली
आणि अशी शिंकली, अशी शिंकली,
की गाढव बुजलं, पोतं एका अंगाला कललं.
डोळ्यांतून पाणी. ते तपकिरीचं, असं ती म्हणाली,
मी विचारलं नव्हतं.
"धर रे," ओरडली, "बघतोस काय,
सांडलं तर खाल काय?"